जोडीदार आपण निवडतो की समाज?

‘लग्न माझ्या पसंतीनं झालं,’ असं अनेकजण सांगतात. पण आलेल्या स्थळांमध्ये कोण असणार आणि कोण नसणार, हे आधी कोणी ठरवलेलं असतं? निर्णय माणूस घेतो की समाज, हा जुना वाद आहे. भारतात तो लग्नाच्या बाबतीत फार स्पष्ट दिसतो.

आकडे काय सांगतात?

भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत आंतरजातीय विवाहांचं प्रमाण सुमारे ५ टक्के आढळलं. म्हणजेच शंभरातली जवळपास ९५ लग्नं जातीतल्या जातीत झाली. इतक्या लोकांची ‘वैयक्तिक’ पसंती एकाच चौकटीत बसणं हा योगायोग नाही.

दबाव जाणवत का नाही?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९५ मध्ये याचं उत्तर दिलं. रूढी आपल्या जन्माआधीपासून असतात. त्यांच्याप्रमाणे वागलं तर सक्ती जाणवत नाही, विरोध केला की लगेच जाणवते.

जातीतलं स्थळ पसंत पडलं की घरात पेढे वाटले जातात. जातीबाहेरचं नाव घेतलं की ‘चार लोक काय म्हणतील?’ आणि ‘धाकटीचं लग्न कसं जमणार?’ हे प्रश्न सुरू होतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीतल्या जातीत लग्न करण्याची प्रथा हाच जातिव्यवस्थेचा गाभा असल्याचं मांडलं होतं. म्हणूनच एका घरातलं लग्न साऱ्या समाजाचा विषय होतं.

कायदा कोणाच्या बाजूने?

मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा असेल, तर कायद्याला पालकांची संमती लागत नाही. दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नात खाप किंवा जातपंचायतीनं हस्तक्षेप करणं बेकायदा असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१८ मध्ये स्पष्ट केलं. महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरोधात कायदा केला आणि तो २०१७ मध्ये लागू झाला. वाळीत टाकणाऱ्यांना त्यात ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तरीही अडचणी आहेत. धर्म न बदलता आंतरधर्मीय लग्न करायचं, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात लावली जाते. घरच्यांचा विरोध असलेल्या जोडप्यासाठी हे ३० दिवस धोक्याचे ठरू शकतात.

मग स्वतंत्र निवड नसतेच का?

असते. ते ५ टक्के लोक त्याचाच पुरावा आहेत. जातीत लग्न करणारा प्रत्येकजण दबावाखाली असतो, असंही नाही. पण आपली आवडही घर, शेजार, भाषा आणि जेवणाच्या सवयींतूनच तयार होते.

शिवाय विरोधाची किंमत सगळ्यांना सारखी नसते. शहरात नोकरी आणि स्वतःचं भाड्याचं का होईना घर असेल, तर ‘नाही’ म्हणणं जमतं. पैशांसाठी पूर्णपणे घरावर अवलंबून असलेल्या मुलीला तोच शब्द घराबाहेर काढू शकतो.

त्यामुळे एखाद्या लग्नात मुलीनं ‘हो’ म्हटलं का, एवढंच विचारून भागत नाही. तिनं ‘नाही’ म्हटलं असतं तर पुढे काय झालं असतं, हेही विचारायला हवं.