सुवाह्यता, संगणकीय भाषांची

एका प्रकारच्या संगणकासाठी उच्चस्तरीय भाषेत लिहिलेली आज्ञावली मूळ लेखनात बदल न करता, किंवा अल्प बदल करून, निराळ्या रचनेच्या संगणकावर चालविता येण्याचा गुणधर्म. संगणकाला केवळ त्याच्या यंत्रभाषेतील द्विमान आदेश समजतात. फोर्ट्रान, कोबॉल, सी इ. भाषांतील लेखनाचे अशा आदेशांत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस कंपायलर म्हणतात. प्रत्येक यंत्ररचनेसाठी कंपायलर कोणीतरी तयार करावा लागतो व पुढे सांभाळावाही लागतो. मोठा खप असलेल्या यंत्राला तो विनासायास लाभतो. विरळ वापरातील यंत्र बाळगणाऱ्या संस्थेचे काम मात्र अनेकदा त्याच्यावाचून अडते. म्हणून सुवाह्यतेचा इतिहास हा बहुतांशी अशा विरळ यंत्रांचाच इतिहास आहे.

जॉन बॅकस (१९२४–२००७) व त्यांचे सहकारी यांनी १९५७ मध्ये सिद्ध केलेली फोर्ट्रान ही भाषा आयबीएम ७०४ या एकाच यंत्रासाठी होती. त्या यंत्रावरील दर्शक दिवे व कळा तपासण्याचे आदेशही भाषेतच समाविष्ट होते. सारणीला तीनच मिती देता येत, कारण यंत्रात निर्देशांक-नोंदक तीनच होते. इतर उत्पादकांनी फोर्ट्रान स्वीकारल्यावर हे यंत्रविशेष अडचणीचे ठरले. ७०४ चा शब्द ३६ बिटांचा असून त्यात ६ अक्षरे मावत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये बसविलेल्या सीडीसी ३६०० चा शब्द ४८ बिटांचा होता व त्यात ८ अक्षरे मावत. अक्षरे शब्दांत भरून ठेवणारी आज्ञावली एका यंत्रावर बरोबर आणि दुसऱ्यावर चुकीची ठरे. फोर्ट्रानचे अमेरिकी प्रमाणीकरण १९६६ मध्ये झाले.

कोबॉलच्या बाबतीत सुवाह्यता हे आरंभापासूनच उद्दिष्ट होते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याजवळ अनेक उत्पादकांची यंत्रे होती व प्रत्येकासाठी हिशेबाच्या आज्ञावल्या पुन्हा लिहिणे त्याला परवडणारे नव्हते. यंत्राचे वर्णन आज्ञावलीच्या एका स्वतंत्र विभागात बंदिस्त करण्याची कोबॉलची योजना आजही विचारणीय वाटते. डिसेंबर १९६० मध्ये जवळजवळ एकच कोबॉल आज्ञावली आरसीए व रेमिंग्टन रँड युनिव्हॅक यांच्या दोन भिन्न संगणकांवर चालवून दाखविण्यात आली.

या विषयातील सर्वांत उद्बोधक प्रयोग १९७७ मध्ये दोन ठिकाणी, परस्परांपासून स्वतंत्रपणे झाला. बेल प्रयोगशाळेत घडलेली युनिक्स ही परिचालन प्रणाली १९७३ मध्ये सी भाषेत पुन्हा लिहिली गेली होती. पण ती चालत असे पीडीपी-११ वर. ऑस्ट्रेलियातील वुलाँगाँग विद्यापीठाजवळ पीडीपी-११ नव्हता. इंटरडेटा ७/३२ हा कमी प्रचलित संगणक होता. तेथे रिचर्ड मिलर यांनी सी चा कंपायलर नव्या यंत्राजोगा केला आणि युनिक्स प्रथम उत्पादकाच्याच परिचालन प्रणालीवर उभी केली. उपकरणे हाताळण्याचे काम तिच्यावर सोपवून मूळ गाभा आधी चालता करावयाचा, ही युक्ती साधनांची वाण असलेल्या संस्थेला साजेशी होती. बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची (१९४१–२०११) व स्टीफन जॉन्सन यांनी इंटरडेटा ८/३२ हे यंत्र पीडीपी-११ हून भिन्न म्हणून मुद्दाम निवडले. एकाने निकडीपोटी व दुसऱ्यांनी जिज्ञासेपोटी केलेल्या या कामाचा निष्कर्ष एकच निघाला : अडथळा भाषेच्या व्याकरणात फारसा नसतो, लेखकाने नकळत गृहीत धरलेल्या गोष्टींत असतो. पूर्णांक व स्मृतिपत्ता १६ बिटांचेच असणार, हे असे एक गृहीत होय. अशी स्थळे शोधून काढण्यासाठी जॉन्सन यांनी लिंट ही तपासणी-आज्ञावली लिहिली.

बाइटांचा क्रम हे दुसरे गृहीत होय. दोन बाइटांच्या संख्येतील कनिष्ठ बाइट पीडीपी-११ आधी ठेवतो, तर इंटरडेटा ज्येष्ठ बाइट आधी ठेवतो. त्यामुळे नव्या यंत्रावर ‘युनिक्स’ या चार रोमन अक्षरांऐवजी ‘नक्सी’ असे उमटले, अशी आख्यायिका या क्षेत्रात रूढ आहे. डॅनी कोहेन यांनी १९८० मध्ये या दोन पक्षांना गलिव्हरच्या सफरींतील अंडे कोणत्या टोकाकडून फोडावे या भांडणावरून नावे दिली, तीच पुढे रुळली. आयबीएमच्या महासंगणकांवरील एब्सीडिक या अक्षरसंकेतात रोमन वर्णमाला सलग नसून आय व जे, तसेच आर व एस यांच्यामध्ये रिकाम्या जागा आहेत. ‘ए’ व ‘झेड’ यांच्या दरम्यानचे प्रत्येक चिन्ह अक्षरच, असे मानणारी आज्ञावली तेथे फसते.

कल्पित यंत्रासाठी भाषांतर करून ते कल्पित यंत्र प्रत्येक संगणकावर उभे करावे, हा दुसरा मार्ग. निक्लाउस विर्थ (१९३४–२०२४) यांच्या पास्कलमध्ये तो यशस्वी झाला व १९९५ मध्ये सन कंपनीने जावा भाषेद्वारे तो सर्वदूर नेला. तथापि कल्पित यंत्रही प्रत्येक प्रक्रियकासाठी कोणीतरी लिहावेच लागते. शिवाय अनेक प्रक्रियकांनी एकच स्मृती वापरताना नोंदींचा क्रम काय दिसावा, याचे जावातील मूळ नियम सदोष ठरले आणि २००४ मध्ये ते नव्याने मांडावे लागले. अल्फासारख्या प्रक्रियकांवर, जेथे हा क्रम फार सैल असतो, ही बाब केवळ तात्त्विक नव्हती.

पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राचा (सी-डॅक) परम ८००० हा १९९१ चा महासंगणक ट्रान्सप्यूटर या ब्रिटिश प्रक्रियकांवर आधारित होता. फोर्ट्रान वा सी मधील प्रचलित आज्ञावल्या त्यावर नुसत्या भाषांतराने वेगवान होत नसत. गणित अनेक प्रक्रियकांत वाटून घ्यावे लागे. ट्रान्सप्यूटरची पुढील पिढी बाजारात टिकली नाही आणि परम ९००० मध्ये स्पार्क प्रक्रियक आले. यंत्रकुल संपले की त्यासाठी खास केलेले श्रमही मोडीत निघतात, याचे हे घरचे उदाहरण होय.

सर्व्हरांच्या क्षेत्रात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. इंटेल व ह्यूलेट-पॅकार्ड यांच्या इटॅनियममध्ये (२००१) आदेशांची समांतर मांडणी करण्याचा भार कंपायलरवर टाकलेला होता. तो कंपायलरांना पुरेसा पेलला नाही. त्याची अखेरची रवानगी २०२१ मध्ये झाली व जानेवारी २०२४ मधील लिनक्स ६.७ मधून त्याचा आधार काढून टाकण्यात आला. उलट आयबीएमच्या महासंगणकांना लिनक्समुळे नवे आयुष्य मिळाले. २०१६ मध्ये गो भाषेच्या १.७ या आवृत्तीत त्यांचा अंतर्भाव झाला. पॉवर प्रक्रियकांवर तर लिनक्ससाठी कनिष्ठ-बाइट-प्रथम हा इंटेलचा क्रम स्वीकारण्यात आला. येथे आज्ञावलीने यंत्राशी नव्हे, तर यंत्राने आज्ञावलीशी जुळवून घेतले.

मूळ लेखन खुले असले म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. पायथन भाषेतील क्रिप्टोग्राफी या बहुप्रचलित संचाचा काही भाग फेब्रुवारी २०२१ मध्ये रस्ट भाषेत लिहिला गेला. रस्टचा कंपायलर एलएलव्हीएम या साधनावर अवलंबून असून त्यात अल्फा व इटॅनियम यांचा आधार नव्हता. संचाची नवी आवृत्ती त्या यंत्रांवर बांधता येईना. सुरक्षिततेच्या दृष्टीने रस्टची निवड योग्यच होती, असे कर्त्यांचे म्हणणे होते आणि ते खोडून काढणे कठीण आहे. जुनी यंत्रे सांभाळणाऱ्यांपुढे मात्र जुन्या आवृत्तीवर थांबणे किंवा कंपायलर स्वतः लिहिणे, एवढेच पर्याय उरले.