तासगावचे आभाळ आणि शहाण्णव तास

ऋषिपंचमीला तासगावात सिद्धिविनायकाचा रथ दोरखंड धरून माणसे ओढतात. पेशवाईतले सरदार परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या काळापासूनची ही रीत. मंदिराच्या सात मजली गोपुरापासून काशीविश्वेश्वराच्या देवळाकडे सरकणारा रथ आणि गुलालाची उधळण दहा मिनिटे ड्रोन वर पाठवून टिपावी, असे कोणालाही वाटेल. बंदोबस्तासाठी ते आभाळ तात्पुरते बंद ठेवण्याचा सरकारचा अधिकार मला मान्य आहे. मात्र बंदी किती जागेवर आणि किती वाजेपर्यंत, हे उडवणाऱ्याला आधी कळले पाहिजे. हवाई कायद्याचा शंभर वर्षांचा प्रवास याच दिशेने झाला आहे. 1911 च्या फेब्रुवारीत अलाहाबादहून नैनीला विमानाने टपाल गेले आणि त्याच वर्षी इंडियन एअरशिप्स अ‍ॅक्ट आला. पुढे 1937 च्या विमान नियमांच्या परिशिष्टात मुंबईच्या मलबार हिलवरील पारशी दोखम्याभोवतीचे एक मैल त्रिज्येचे वर्तुळ निषिद्ध ठरलेले दिसते. बंदी कायमची खरी, पण मोजून आखलेली; वैमानिकाने ती एकदा नकाशावर उतरवली की काम झाले. 1944 च्या शिकागो करारातील नवव्या कलमाने आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षेसाठी आभाळ तात्काळ आणि तात्पुरते बंद करण्याचा हक्क प्रत्येक राष्ट्राकडे ठेवला. ‘तात्पुरते’ म्हणजे किती, हे मात्र त्यात सांगितलेले नाही.

ते उत्तर ड्रोनपुरते 2021 च्या ड्रोन नियमांनी दिले. तात्पुरता लाल विभाग, म्हणजे ड्रोनला मनाई असलेला भाग, एका वेळी जास्तीत जास्त 96 तासांचा. तो जाहीर करणारा अधिकारी किमान पोलीस अधीक्षक दर्जाचा. विभाग डिजिटल स्काय या सरकारी ऑनलाइन मंचाच्या नकाशावर दाखवायचा आणि गरजेपेक्षा मोठा ठेवायचा नाही. माझ्या मते या नियमांतली ही सर्वांत समंजस तरतूद आहे. पण तिच्याशेजारी दुसरा, जुना रस्ता चालूच राहिला. पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 144, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 163. त्याखालचा मनाई आदेश दोन महिन्यांपर्यंत चालू शकतो. मुंबईत ड्रोन, पॅराग्लायडर, मायक्रोलाइट विमाने आणि हॉट एअर बलूनवर महिना-महिन्याचे असे आदेश निघत आले आहेत. अशा वेळी नकाशा हिरवा आणि आदेश लाल, असे होऊ शकते. नकाशा पाहून प्रामाणिकपणे बेत आखणारा माणूसच मग गुन्हेगार ठरतो.

यावर कोणी म्हणेल, 27 जून 2021 रोजी जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनने स्फोटके टाकली गेली, तिथे हौशी लोकांच्या सोयीचे काय घेऊन बसलात? धोका खरा आहे, आणि गर्दीवर कोसळलेला साधा ड्रोनही डोके फोडू शकतो. पण स्फोटके टाकणारा परवानगी विचारत नाही; आदेश पाळतो तो नियमाने वागणारा. वेळा आधी सांगितल्या तर घातपात्याला फायदा होईल, हा आक्षेपही टिकत नाही, कारण रथोत्सवाची तिथी पंचांगातच छापलेली असते. उलट सीमा स्पष्ट असली की तिच्या आत दिसलेला प्रत्येक ड्रोन संशयास्पद ठरतो आणि पोलिसांचे काम सोपे होते. म्हणून कलम 163 चा आदेश काढतानाही 96 तासांची मर्यादा पाळावी, तोच भाग त्याच दिवशी डिजिटल स्कायवर लाल करावा आणि रस्त्यांची नावे, सुरू होण्याची व संपण्याची वेळ लिहिलेला मराठी कागद तासगाव पोलीस ठाण्याच्या फलकावर चार दिवस आधी लावावा.