चायना माल आणि एके-५६

आमच्या भिवंडीत 'चायना माल' हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरतात. छत्री पहिल्याच पावसात उलटी झाली, चार्जर आठवड्यात गेला, की दुकानदारच हसून म्हणतो, "चायना आहे साहेब, गॅरंटी नाही." पण आपल्याच कोकणात एकदा असा चायना माल उतरला होता, की तो कच्चा निघाला असता तर बरं झालं असतं!

१९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यातल्या दिघी आणि शेखाडीला चोरून शस्त्रं आणि आरडीएक्स उतरवलं गेलं. १२ मार्चला मुंबईतल्या स्फोटांत २५७ माणसं गेली. तो संहार मुख्यतः आरडीएक्सचा. पण त्याच तपासातून, आणि पुढे संजय दत्तच्या खटल्यामुळे, 'एके-५६' हे नाव घराघरात पोचलं.

चिनी लोक मात्र तिला एके-५६ म्हणत नाहीत. त्यांच्याकडे ती 'टाइप ५६'. ५६ म्हणजे १९५६ साल. रशियन एके-४७ चीच ही नक्कल, पण चोरटी नव्हे. मैत्रीच्या दिवसांत खुद्द रशियानंच चीनला ती बनवायचं तंत्र दिलं. सुरुवातीच्या रायफलींचा सांगाडा रशियन पद्धतीनंच अखंड पोलाद कोरून काढलेला असे. १९५९ मध्ये रशियानं पत्रा दाबून बनवलेली हलकी एकेएम आणली. तोवर दोघांचं बिनसत चाललं होतं, ते तंत्र चीनला मिळालं नाही. मग साठीच्या दशकाच्या मध्यावर चीननं स्वतःच पत्र्याचा सांगाडा केला. रशियन पत्रा १ मिलिमीटर, चिनी १.५. थोडी जड, पण दणकट. नळीला आतून क्रोमचा मुलामा, म्हणजे गंजाची भीती कमी.

मग त्याच देशाची छत्री का मोडते? याचं उत्तर भिवंडीकराला कुणी शिकवायला नको. माग तोच, कारागीर तोच. व्यापारी जो भाव देतो त्यावर सुताचा नंबर आणि पिक ठरते. कापड विरळ निघालं तर दोष मागाचा नसतो. छत्री मागवणाऱ्याला स्वस्ताई हवी होती, रायफल मागवणारं चीनचं स्वतःचं सैन्य होतं. जसं गिऱ्हाईक, तसा माल.

आणि इथेच मला अस्वस्थ व्हायला होतं. चांगला माल म्हणजे टिकणारा माल, असं आपण धरून चालतो. मोडकी छत्री उकिरड्यावर जाते, तिचा त्रास तिथेच संपतो. रायफल मात्र ज्या सैन्यासाठी बनली त्याच्या हातून सुटते, दलालांकडून फिरते, आणि पन्नास वर्षांनीही गोळी झाडते. तिचा टिकाऊपणा तिच्याबरोबर कुठल्याही किनाऱ्यावर उतरतो.

असो. पुढच्या वेळी छत्री मोडली की चिनी कारागिराला शिव्या देण्याआधी आपण मोजलेले पैसे आठवून बघा.