कोडाटा मूलभूत स्थिरांक

कोडाटा मूलभूत स्थिरांक हा भौतिकशास्त्र व रसायनशास्त्रातील मूलभूत स्थिरांकांच्या शिफारस केलेल्या मूल्यांचा आंतरराष्ट्रीय संच आहे. कोडाटा या १९६६ मध्ये स्थापन झालेल्या विज्ञानविषयक विदा समितीचा एक कार्यगट तो तयार करतो. अमेरिकेची राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्था (एनआयएसटी) हा संच आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध करून देते.

मूल्यनिश्चिती

पहिला संच १९७३ मध्ये व दुसरा १९८६ मध्ये निघाला. १९९८ पासून दर चार वर्षांनी नवा संच तयार होतो. संचाच्या नावातील वर्ष प्रकाशनाचे नसते. ज्या वर्षाअखेरपर्यंतची मोजमापे विचारात घेतली, ते वर्ष नावात येते. स्थिरांक परस्परांशी समीकरणांनी बांधलेले असल्यामुळे प्रत्येकाचे मूल्य स्वतंत्रपणे न ठरवता सर्व मोजमापांचा लघुतम वर्ग पद्धतीने एकत्रित मेळ घातला जातो. त्यामुळे एका नव्या प्रयोगाने अनेक मूल्ये बदलू शकतात, आणि वेगवेगळ्या संचांतील मूल्ये एकाच गणितात मिसळल्यास त्यांच्यातील सुसंगती बिघडते.

२० मे २०१९ पासून प्लांकचा स्थिरांक, मूलभूत विद्युतभार, बोल्ट्झमनचा स्थिरांक व अव्होगाद्रोचा स्थिरांक यांची मूल्ये व्याख्येनेच निश्चित झाली. प्रकाशाचा वेग (२९,९७,९२,४५८ मीटर प्रति सेकंद) १९८३ मध्येच तसा ठरला होता. उलट, पूर्वी अचूक मानली जाणारी निर्वाताची चुंबकीय पार्यता आता मोजावी लागते. जुन्या पाठ्यपुस्तकांतील विधान येथे लागू पडत नाही. गुरुत्वीय स्थिरांकाची अनिश्चितता मात्र अजूनही दहा लाखांत सुमारे २२ भाग इतकी मोठी आहे.

प्रोटॉनची त्रिज्या

शिफारस केलेले मूल्य म्हणजे अंतिम सत्य नव्हे, याचे ठळक उदाहरण म्हणजे प्रोटॉनची त्रिज्या. २०१४ च्या संचात ती ०.८७५१(६१) फेम्टोमीटर होती. कंसातील संख्या शेवटच्या दोन अंकांतील अनिश्चितता, म्हणजे ०.००६१, दर्शवते. इलेक्ट्रॉनऐवजी त्याच्या सुमारे २०७ पट जड म्युऑन असलेल्या हायड्रोजनवर स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेत झालेल्या प्रयोगातून २०१० मध्येच सुमारे ०.८४२ हे मूल्य मिळाले होते. परंतु इतर मोजमापांशी न जुळल्याने २०१० व २०१४ च्या संचांत ते धरले गेले नाही. २०१८ च्या संचात मूल्य ०.८४१४(१९) झाले. हा फरक आधी सांगितलेल्या अनिश्चिततेच्या पाचपटींहून अधिक आहे.

संगणकीय वापर

एनआयएसटीच्या संकेतस्थळावर सर्व मूल्ये साध्या मजकूर-फाइलच्या रूपातही मिळतात. दोन स्थिरांकांमधील सहसंबंध गुणांकही तेथे पाहता येतो. एकाच गणितात दोन स्थिरांक वापरून अनिश्चितता काढताना तो दुर्लक्षून चालत नाही. पायथॉन भाषेतील सायपाय या मुक्त आज्ञावली-संग्रहात हीच मूल्ये अंतर्भूत असून नव्या आवृत्त्यांबरोबर ती बदलतात. परिणामी, तीच आज्ञावली काही वर्षांनी चालवल्यास उत्तराचे शेवटचे अंक वेगळे येऊ शकतात. म्हणून शोधनिबंधात वापरलेल्या संचाचे वर्ष नोंदवणे आवश्यक ठरते. पडताळणीसाठी जुने संचही याच संकेतस्थळावर जतन केलेले आहेत.