तीन लाइफ, दोन रिमोट
अवघड प्लॅटफॉर्म गेमचा इतिहास आणि त्यांचे पुनरागमन

पडद्यावरच्या पात्राने उड्या मारत, फळ्या आणि खड्डे ओलांडत पुढे जायचे, अशा व्हिडिओ गेमला प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. या प्रकाराची सुरुवात निंटेंडो या जपानी कंपनीच्या ‘डाँकी काँग’पासून (१९८१) धरतात. शिड्या चढण्याचा ‘स्पेस पॅनिक’ वर्षभर आधी आला होता, पण त्यात उडी नव्हती, आणि उडीशिवाय या खेळात राहते काय? ‘डाँकी काँग’चा जन्म तोट्यातून झाला. ‘रडार स्कोप’ या खेळाची बरीच यंत्रे अमेरिकेत विक्रीवाचून पडून होती. त्याच लाकडी खोक्यांत नवा खेळ बसवून ती खपवायची असे ठरले आणि काम शिगेरू मियामोतो या तरुण कलाकाराकडे आले. त्याच्या खेळातला उडी मारणारा सुतार पुढे मारिओ झाला.

हे खेळ इतके अवघड का, याचे उत्तर यंत्राच्या गल्ल्यात आहे. अमेरिकेत २५ सेंटचे आणि जपानात १०० येनचे नाणे टाकले की एक डाव मिळे. खेळणारा जितका लवकर हरेल तितके पुढचे नाणे लवकर पडे. मात्र तो चिडून निघून गेला तर धंदाच बसला. म्हणून ‘थोडक्यात हुकले’ असे वाटेल एवढाच अवघडपणा ठेवावा लागे. डावात किती लाइफ द्यायचे हे यंत्राच्या आतल्या छोट्या बटणांवर ठरत असे. ‘डाँकी काँग’मध्ये नेहमीची संख्या तीन होती, आणि ती बदलणे यंत्रमालकाच्या हाती होते. म्हणजे अवघडपणा रचणाऱ्याच्या हातात जेवढा होता, जवळपास तेवढाच दुकानदाराच्याही.

‘डाँकी काँग’ला शेवट ठेवलेलाच नव्हता. तरीही तो बाविसाव्या पातळीवर हटकून संपतो, आणि त्याचे कारण गणितातली चूक आहे. प्रत्येक पातळीला मिळणारा वेळ काढण्यासाठी पातळीचा आकडा दहाने गुणून त्यात चाळीस मिळवतात. यंत्राच्या स्मृतीतल्या एका घरात २५५ पर्यंतचाच आकडा मावतो. बाविसाव्या पातळीला बेरीज २६० होते, त्यातले २५६ गळून पडतात आणि उरतात ४. पडद्यावर वेळेच्या जागी ४०० दिसते, ते काही सेकंदांत संपते आणि मारिओ जागच्या जागी मरतो. कौशल्याने हा अडथळा ओलांडता येत नाही. इथवर पोचलेले लोक तरीही ती पातळी खेळूनच उठतात.

नाण्याच्या धंद्यातला सर्वांत निर्दय नमुना म्हणजे कॅपकॉम कंपनीचा ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ (१९८५). जपानात त्याचे नाव ‘माकाइमुरा’, रचनाकार तोकुरो फुजिवारा. चिलखत घातलेला सरदार आर्थर राजकन्येला सोडवायला निघतो. पहिला फटका बसला की चिलखत गळून तो चड्डीवर उभा राहतो, दुसरा बसला की नुसती हाडे उरतात. उडी एकदा घेतली की हवेत दिशा बदलता येत नाही. म्हणजे चूक कळते त्या क्षणापासून ती पुरी होईपर्यंत खेळणाऱ्याला फक्त बघत बसावे लागते. एवढे करून शेवटच्या राक्षसाला मारले तर खेळ सांगतो की हा सगळा सैतानाने रचलेला भ्रम होता. मग पहिल्यापासून दुसरी फेरी, तीही जास्त कठीण. शिवाय एक ठराविक हत्यार हाती नसेल तर शेवटच्या लढाईपर्यंत जाताच येत नाही. याला अवघडपणा म्हणावे की थट्टा, हा प्रश्न रास्त आहे.

१५ जुलै १९८३ रोजी जपानात फॅमिकॉम हे घरगुती यंत्र आले. अमेरिकेत ते १९८५ पासून एनईएस या नावाने विकले गेले. घरात नाणे टाकावे लागत नव्हते, मग खेळ सोपे व्हायला हवे होते. ते झाले नाहीत. रचणारे लोक तेच होते, त्यांची सवयही तीच होती, आणि त्यात जागेची टंचाई आली. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) हा अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये मावतो. आजच्या फोनवरचा एक साधा फोटो याहून कितीतरी मोठा असतो. वाटा माहीत असलेला पटाईत खेळाडू हा गेम पाच मिनिटांच्या आत संपवतो. एवढ्याशा मजकुरासाठी पुरी किंमत मोजलेल्या गिऱ्हाइकाला तो महिनोन्महिने पुरवायचा, तर एकच मार्ग होता: त्याला पुन:पुन्हा मारायचे. बहुतेक जुन्या खेळांत प्रगती साठवण्याची सोय नव्हती. यंत्र बंद झाले की सगळे पहिल्यापासून.

निंटेंडोने १९८६ मध्ये जपानात ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ आणला, तो पहिला भाग पचवलेल्यांसाठी होता. त्यात खाल्ल्यावर मारणारी विषारी मश्रूम होती, उडी भरकटवणारा वारा होता, आणि पुढे नेण्याऐवजी मागे ढकलणारे चोरवाटांचे नळही होते. कंपनीच्या अमेरिकन शाखेत खेळ तपासणाऱ्या हॉवर्ड फिलिप्सला तो अकारण छळणारा वाटला. अमेरिकेला मग दुसऱ्याच एका जपानी खेळात मारिओची पात्रे घालून तयार केलेला भाग मिळाला. मूळ खेळ तिथे १९९३ साली ‘द लॉस्ट लेव्हल्स’ या नावाने पोचला, आणि तेव्हा त्यात प्रत्येक पातळीला प्रगती साठवता येत होती. फिलिप्सचा निर्णय बरोबरच होता. हा खेळ एकट्याने खेळताना बहुतेक माणसे अर्ध्यात सोडतात.

अमेरिकेत अवघडपणाला आणखी एक कारण मिळाले ते भाड्याच्या दुकानांमुळे. जपानात १९८४ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील बदलानंतर परवानगीशिवाय गेम भाड्याने देण्याला अटकाव झाला. अमेरिकेत मात्र व्हिडिओ कॅसेटच्या दुकानांत गेमही भाड्याने मिळत. १९९० च्या कायद्याने संगणकाचे सॉफ्टवेअर भाड्याने द्यायला बंदी घातली, पण गेम यंत्रांच्या कॅसेटना त्यातून वगळले. शनिवार-रविवारच्या भाड्यात गेम संपला तर विकत कोण घेणार, ही कंपन्यांची धास्ती होती. म्हणून ‘निंजा गायडेन ३’ आणि ‘कॅसलव्हेनिया ३’ यांच्या अमेरिकन आवृत्त्या जपानी आवृत्त्यांपेक्षा कठीण निघाल्या. ‘द लायन किंग’ (१९९४) या गेमच्या दुसऱ्याच पातळीवर माकडांचे एक कोडे आहे, ज्यापुढे असंख्य मुलांनी हात टेकले. तो खेळ करणाऱ्या वेस्टवुड स्टुडिओजच्या लुई कॅसल यांनी पुढे सांगितले की भाड्याने नेणाऱ्यांना लवकर पुढे जाता येऊ नये, म्हणूनच ते तिथे होते. लहान मुलांच्या सिनेमावरच्या खेळात हा हिशेब मांडला गेला, याचा राग आजही समजण्यासारखा आहे.

या सगळ्यावर खेळणाऱ्यांनी शोधलेला उतारा म्हणजे सोबत. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये दोघे आळीपाळीने खेळतात, एक मेला की दुसऱ्याचा डाव. त्यात चांगल्या खेळाडूशेजारी कच्च्याला ताटकळत बसावे लागते. पण बसल्या बसल्या तो अडथळे पाठ करतो, आणि चुका बोटे दाखवून सांगण्याचे काम आनंदाने करतो. कोनामी कंपनीचा ‘काँट्रा’ (१९८७, घरगुती आवृत्ती १९८८) याच्या पुढे गेला. त्यात दोघे एकाच वेळी पडद्यावर असतात. धबधब्याच्या पातळीवर पडदा वर सरकतो. एकाने घाईने वर उडी मारली तर खाली राहिलेला पडद्याबाहेर जाऊन मरतो, म्हणून तिथे दोघांना एकमेकांची वाट पाहावी लागते. एकाचे लाइफ संपले तर त्याला दुसऱ्याच्या साठ्यातले लाइफ घेता येते. घराघरांतली भांडणे या दोन नियमांवर झाली आहेत. गोळी लागताच मरण येते, तरी ‘काँट्रा’ लोकांनी संपवला तो ३० लाइफच्या संकेतामुळे: वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए. हा संकेत काझुहिसा हाशिमोतो या कोनामीच्या प्रोग्रॅमरने ‘ग्रेडियस’ (१९८६) तपासताना स्वतःसाठी घातला होता, कारण आपलाच खेळ त्याला झेपत नव्हता. विक्रीच्या प्रतीत तो तसाच राहिला.

महाराष्ट्रातल्या घरांत हे खेळ पोचले ते बहुतांशी नकली यंत्रांतून. १९९० च्या दशकात फॅमिकॉमच्या बिनपरवाना नकला ‘टीव्ही गेम’ म्हणून बाजारात मिळत. कार्ट्रिजला सगळे कॅसेटच म्हणत आणि कंट्रोलरला रिमोट. कॅसेटवर शेकडो, कधी लाखो गेमचा आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात पाच-पंचवीस खेळ वेगवेगळ्या पातळ्यांपासून सुरू करून यादी फुगवलेली असायची. या लबाडीचा एक फायदा झाला. यादीत ‘काँट्रा’ ३० लाइफसह किंवा थेट पुढच्या स्टेजपासून सुरू करता येई, त्यामुळे संकेत माहीत नसलेली मुलेही शेवटच्या बॉसपर्यंत पोचली. अडचण असे ती विजेची. साठवण्याची सोय नाही, त्यात सातव्या स्टेजला लाइट गेली, तर दोष द्यायलाही कोणी नसे. संगणकवर्गांत आणि कचेऱ्यांत याच काळात जॉर्डन मेकनरचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) आणि जॉन रोमेरोचा ‘डेंजरस डेव्ह’ हे खेळ फ्लॉपीवरून पसरले. ‘प्रिन्स’ला साठ मिनिटांची मुदत आहे, आणि तळघरातले सुरे मध्येच कापून टाकतात. तिथेही एक जण कळफलकावर आणि दोघे-तिघे मागे उभे, असाच मामला असे.

दोघांनी खेळायचे ठरवून केलेल्या खेळांत सर्वांत बदनाम ‘बॅटलटोड्स’ (१९९१) आहे. इंग्लंडच्या रेअर कंपनीचा हा खेळ तिसऱ्या पातळीवर बहुतेकांचा निरोप घेतो. उडत्या गाडीवरून बोगद्यात जाताना समोर भिंती येतात, येण्याआधी क्षणभर लुकलुकतात, आणि वेग वाढत जातो. शेवटी डोळ्यांनी पाहून हात हलवणे शक्य राहत नाही, क्रम पाठच असावा लागतो. दोघे खेळत असतील तर एक आपटला की दोघेही मागे. मारामारीच्या पातळ्यांवर जोडीदाराचे ठोसे एकमेकांनाही लागतात. कडी म्हणजे अकराव्या पातळीवर एनईएस आवृत्तीत दोष राहिला: दुसऱ्या खेळाडूचा रिमोट तिथे चालतच नाही. जोडीने खेळायला केलेला हा खेळ जोडीने संपवता येत नाही.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जुन्या यंत्रांची नक्कल करणारे इम्युलेटर आले आणि जुने खेळ साध्या संगणकावर चालू लागले. त्यांत कोणत्याही क्षणी डाव साठवता येतो, पुढे मागे सरकवण्याचीही सोय झाली. २०१६ च्या निंटेंडोच्या छोट्या एनईएस यंत्रात ३० खेळ भरून आले, त्यांत ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ आणि ‘निंजा गायडेन’ही होते, आणि डाव साठवण्याची सोयही होती. एक गोष्ट मात्र उलटी झाली. जुन्या नळीच्या टीव्हीवर बटण दाबताच उडी दिसे. सपाट टीव्ही चित्रावर प्रक्रिया करतो आणि उडी किंचित उशिरा दाखवतो. पाठ असलेल्या उड्याही म्हणून हुकतात, आणि हौशी लोक जड जुने टीव्ही सांभाळून ठेवतात.

या खेळांकडे परतण्याला सार्वजनिक रूप दिले ते जपानी दूरचित्रवाणीने. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘गेमसेंटर सीएक्स’मध्ये विनोदी कलाकार शिन्या आरिनो कामगाराच्या गणवेशात बसून जुने अवघड खेळ तासन्‌तास खेळतो. तो फार पटाईत नाही. अडला की कार्यक्रमाचे सहायक त्याच्या शेजारी येऊन बसतात, सल्ला देतात, कधी एखादा टप्पा खेळून दाखवतात. प्रेक्षक पाहतात ते हे शेजारी बसणे.

पुढचे पाऊल २००७ चे. ताकेमोतो हे नाव वापरणाऱ्या एका जपानी हौशी माणसाने ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये फेरफार करून मुद्दाम छळणाऱ्या पातळ्या रचल्या, त्या आपल्या मित्राला खेळायला दिल्या आणि त्याच्या फजितीची चित्रफीत इंटरनेटवर टाकली. बरोबर जिथे उडी घ्यावी लागते, तिथेच डोक्यावर न दिसणारी वीट आपटून खड्ड्यात पाडते. ही रचना त्याच्या नावाशी कायमची जोडली गेली. त्यातून ‘काइझो’ हा स्वतंत्र प्रकार उभा राहिला. गल्ल्यासाठी रचलेला छळ इथे पहिल्यांदा निव्वळ एका मित्रासाठी रचला गेला, आणि जुन्या खेळांच्या इतिहासातले खरे वळण हेच मानायला हवे.

व्यावसायिक खेळांनीही धडा घेतला. २००९ च्या ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी’मध्ये चौघे एकदम खेळतात, एकमेकांना खड्ड्यात ढकलतात, आणि एकटा खेळणारा एकाच पातळीवर आठ वेळा मेला की खेळ मदत देऊ करतो. ‘सुपर मीट बॉय’ (२०१०) मेल्यावर क्षणात डाव पुन्हा सुरू करतो आणि पातळी जिंकल्यावर आधीचे सगळे फसलेले प्रयत्न एकाच वेळी पडद्यावर धावताना दाखवतो. ‘सेलेस्ट’मध्ये (२०१८) किती वेळा मेलो हा आकडा लपवत नाहीत, आणि ज्याला झेपत नाही त्याला खेळाचा वेग कमी करता येतो. लाइफ मोजण्याची पद्धत या शेवटच्या दोन्ही खेळांच्या नेहमीच्या पातळ्यांत नाही.

जुने खेळ आज मित्रांबरोबर काढायचे तर निवड महत्त्वाची. ‘काँट्रा’ला तोड नाही. तो दोघांना समान वागवतो आणि संपवताही येतो. ‘द लॉस्ट लेव्हल्स’ हा खेळ, ‘मेला की रिमोट पुढच्याकडे’ या नियमाने, चौघांत बरा जातो. ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ची पहिली फेरी पुरेशी आहे, दुसऱ्या फेरीत जास्त कठीणपणाखेरीज नवे फारसे नाही. ‘बॅटलटोड्स’ दोघांनी सुरू केला, तर अकराव्या पातळीआधी दुसऱ्या खेळाडूने आपले सगळे लाइफ संपवून बाजूला बसणे भाग आहे.