रस्त्याचे अंगण

१७ ऑगस्ट १८९६ रोजी ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची एक गृहिणी आपल्या मुलीला सोबत घेऊन लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारातून चालली होती. कार्डिनल मॅनिंग यांनी सुरू केलेल्या 'लीग ऑफ द क्रॉस' या कॅथलिक दारूबंदी संघटनेचा मेळा त्या दिवशी तेथे भरला होता. त्याच आवारात एक कंपनी आपल्या नव्या मोटारगाड्यांतून लोकांना फेऱ्या मारून दाखवीत होती. त्यांपैकी एका गाडीची धडक ब्रिजेटबाईंना बसली आणि काही मिनिटांतच त्यांचा प्राण गेला. मोटारीखाली सापडून मृत्यू पावलेली ब्रिटनमधील ही पहिली पादचारी व्यक्ती. गाडीचा वेग ताशी चार मैलांहून अधिक नव्हता, असे चालकाने सांगितले; एका साक्षीदाराच्या मते ती चांगल्या घोड्याच्या दौडीने आली. चौकशीअंती 'अपघाती मृत्यू' असा निर्णय झाला. असे पुन्हा कधी घडू नये, अशी इच्छा चौकशी अधिकाऱ्याने बोलून दाखविली, असे सांगतात.

इच्छा सदिच्छाच राहिली. १८६५ च्या ब्रिटिश कायद्याने यांत्रिक वाहनांना गावात ताशी दोन मैल आणि गावाबाहेर चार मैल एवढीच मुभा दिली होती. ब्रिजेटबाईंच्या मृत्यूच्याच वर्षी ती मर्यादा चौदा मैल झाली, १९०३ मध्ये वीस झाली आणि १९३० च्या कायद्याने तर मोटारींवरील मर्यादाच उठविली गेली. रस्त्यावरचे बळी वर्षाला सात हजारांच्या वर गेले, तेव्हा १९३५ च्या मार्च महिन्यात वस्तीच्या भागात ताशी तीस मैलांची मर्यादा घालावी लागली. या सर्व घालमेलीत एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला : मोटारीला किती धावू द्यावे? ज्या रस्त्यावरून ती धावते तो रस्ता मुळात कोणाचा, हे कोणी विचारले नाही. तो प्रश्न विचारला गेला नेदरलँड्समध्ये, आणि तो विचारण्याची वेळ एका बापावर आली.

दुसऱ्या महायुद्धात होरपळलेला हा छोटा देश पुढल्या पंचवीस वर्षांत झपाट्याने सधन झाला. १९५० साली तेथे दीड लाखही मोटारी नव्हत्या. १९७० पर्यंत त्या वीस लाखांच्या पुढे गेल्या. सायकलींचा देश म्हणून आज आपण त्याचे कौतुक करतो; पण त्या काळी तेथील नगररचनाकारांची दृष्टी मोटारीवरच खिळलेली होती. जुन्या शहरांतील कामगार वस्त्यांत घरांना अंगण नसे, परसू नसे. मुलांना खेळायला जागा म्हणजे दारासमोरचा रस्ता, आणि तोही आता उभ्या आणि धावत्या मोटारींनी व्यापला. कायदा नव्हता असे नाही. वस्तीत ताशी ५० किलोमीटरची मर्यादा १९५७ पासून होती. तरीही १९७१ या एका वर्षात नेदरलँड्सच्या रस्त्यांवर ३,२६४ माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती.

त्या मुलांपैकी एक विक लांगेनहोफ यांची मुलगी. सहा वर्षांची ती पोर ऑक्टोबर १९७१ मध्ये सायकलवरून शाळेला जात असताना भरधाव मोटारीखाली सापडली. मोटार चालविणाऱ्या व्यक्तीला १५० गिल्डरांचा दंड झाला. लांगेनहोफ हे 'दे टैट' या दैनिकाचे पत्रकार होते. 'दे टैट' म्हणजे 'काळ'. शिवरामपंत परांजप्यांच्या 'काळ'चा हा नामबंधू १८४५ साली कॅथलिक वृत्तपत्र म्हणून जन्माला आला होता. सप्टेंबर १९७२ मध्ये लांगेनहोफ यांनी त्यात एक लेख लिहिला आणि आईबापांनी एकत्र येऊन दबावगट उभारावा, असे आवाहन केले. मथळ्यात त्यांनी त्या गटाला नावही देऊन टाकले : 'स्टॉप दे किंडरमोर्त', 'बालहत्या थांबवा'.

या शब्दापाशी आपण थोडे थांबले पाहिजे. 'किंडरमोर्त' हा डच भाषेतील साधा शब्द नव्हे. हेरोद राजाने बेथलेहेमात दोन वर्षांखालील बालकांची जी कत्तल करविली, तिला डच माणूस याच शब्दाने ओळखतो. २८ डिसेंबरला आपण ज्या निष्पाप बालकांचे स्मरण करतो, ती हीच बालके. धर्मशिक्षणाच्या वर्गात बसलेल्या वाचकाला तो मथळा वाचताना हेरोद आठवला नसेल, हे संभवत नाही. शब्द कठोर आहे, आणि एका अर्थी अन्यायकारकही. हेरोदाने हुकूम सोडला होता. मोटार चालविणाऱ्याच्या मनात कोणाचाही जीव घेण्याचा विचार नसतो. पण वर्षाला चारशे मुले मरतात हे ज्या समाजाला ठाऊक आहे आणि ज्याने ते वाहतुकीचा खर्च म्हणून जमेस धरले आहे, त्याला 'अपघात' या शब्दाआड लपू द्यायचे नाही, असे त्या बापाने ठरविले असावे. मला तरी त्याचा शब्द मागे घ्यावासा वाटत नाही.

आवाहनाला प्रतिसाद मिळाला. ॲमस्टरडॅममधील मार्त्ये फान पुटेन ही तरुण आई संघटनेची पहिली अध्यक्षा झाली. पुढे ती युरोपीय संसदेची सदस्य म्हणूनही निवडून आली. या लोकांनी दगड उचलले नाहीत. जेथे मुले दगावली होती त्या चौकांत ते जाऊन बसले. त्यांनी सायकलींचे मोर्चे काढले. एखादा रस्ता दिवसभर मोटारींना बंद करून त्यात लांब टेबले मांडली आणि अवघ्या आळीने तेथे जेवण केले. पंतप्रधान योप देन आइल यांच्या घरापर्यंत सायकलींवर जाऊन त्यांनी गाणी म्हटली, आणि पंतप्रधान ती ऐकायला बाहेर आले. ॲमस्टरडॅमच्या 'दे पैप' या दाटीच्या वस्तीत तर मुलांनीच पुढाकार घेतला. खेळायला जागा हवी म्हणून सह्या गोळा करणारी, स्वतः रस्ता अडवणारी ती मुले १९७२ मध्ये दूरचित्रवाणीवर साऱ्या देशाने पाहिली. पुढच्याच वर्षी तेलाचे संकट आले आणि ४ नोव्हेंबर १९७३ पासून काही रविवार सरकारने मोटारी बंद ठेवल्या. महामार्गांवर माणसे चालली, मुले चाके लावलेल्या बुटांवर घसरली. मोटारीविना रस्ता कसा दिसतो, हे एका पिढीला प्रथमच कळले.

पण रविवार संपला की सोमवार येतोच. सोमवारचे उत्तर डेल्फ्ट या जुन्या शहरात तयार होत होते. तेथील नगरपालिकेत योस्त वाल नावाचे अभियंता १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून रहिवाशांना बरोबर घेऊन निरनिराळे प्रयोग करीत होते. पदपथ आणि गाडीरस्ता यांच्यामधली पायरी त्यांनी काढून टाकली. सरळ रस्त्याला वळणे दिली, मध्येच झाड लावले, बाक ठेवला, डांबराऐवजी विटा बसविल्या. अशा रस्त्याला 'वोनेर्फ' हे नाव मिळाले. नगररचनेचे प्राध्यापक निक दे बूर यांनी ते आधीच योजिले होते. 'वोन' म्हणजे राहणे. 'एर्फ' म्हणजे घराभोवतीची मोकळी जागा, शेतकऱ्याचे खळे-अंगण. मराठीत आपण त्याला 'राहते अंगण' म्हणू. रस्त्यावरील गतिरोधकालाही डच भाषेत 'द्रेम्पल', म्हणजे उंबरठा, म्हणतात. उंबरठा ओलांडून अंगणात शिरणारा माणूस पाहुणा असतो. त्याने पाहुण्यासारखे वागावे, हे त्याला सांगावे लागत नाही.

१९७६ मध्ये डच सरकारने वोनेर्फला कायद्याचे रूप दिले. अशा रस्त्याची संपूर्ण रुंदी पादचाऱ्यांची असेल. मुले तेथे खेळू शकतील. वाहनाने पायी चालणाऱ्याच्या गतीनेच जावे. आखून दिलेल्या जागेखेरीज गाडी उभी करू नये. पादचाऱ्यांनीही वाहनाची विनाकारण अडवणूक करू नये, असे एक कलम त्यात होते, आणि ते असणे योग्यच होते. निळ्या पाटीवर घर, मोठे माणूस, चेंडू खेळणारे मूल आणि मोटार अशी चित्रे आली.

या प्रयोगातून चालकाच्या स्वभावाविषयी जे हाती लागले ते माझ्या मते सर्वांत मोलाचे आहे. चालक पाटी वाचत नाही, तो रस्ता वाचतो. रुंद, सरळ, मोकळा रस्ता त्याला 'धाव' म्हणतो. कडेची पाटी 'हळू' म्हणते. आणि पाय रस्त्याचे ऐकतो. यात दुष्टपणा नाही, म्हणूनच नुसत्या उपदेशाने तो बदलत नाही. वेगाचे गणितही आपण मनात उतरवून घेतलेले नसते. रस्ता कोरडा आहे, ब्रेक उत्तम आहेत आणि चालकाला धोका ओळखायला एक सेकंद लागतो, असे धरू. ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी सुमारे १३ मीटरांत थांबते. ताशी ५० ने जाणारी गाडी त्या एका सेकंदातच सुमारे १४ मीटर पुढे सरकलेली असते. म्हणजे चेंडूमागे धावणाऱ्या मुलापाशी पहिली गाडी उभी राहते, तेथे दुसरीच्या ब्रेकवर नुकता कोठे पाय पडत असतो.

वोनेर्फ सर्वत्र करणे मात्र परवडण्यासारखे नव्हते. प्रत्येक गल्ली उकरून नव्याने बांधायची म्हणजे पैसा पाण्यासारखा लागतो. आइंडहोव्हन आणि रैस्वैक या शहरांत सरकारने साध्या आणि खर्चिक उपायांची तुलना करून पाहिली. तेव्हा मधल्या, स्वस्त उपायांनीही बरेच साधते असे दिसले. १९८३ पासून ताशी ३० किलोमीटरचे विभाग आखता येऊ लागले. शेजारच्या जर्मनीतही त्याच वर्षी बुक्स्टेहुडे या गावी असा प्रयोग सुरू झाला आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ शहराने मुख्य रस्ते वगळून साऱ्या शहरालाच ही मर्यादा लावली. फ्रीसलँड प्रांतातले हान्स मोंडरमन तर आणखी पुढे गेले : पाट्या आणि पट्टे काढून टाका, गाव गावासारखे दिसू द्या, चालक आपोआप डोळे उघडे ठेवील, असे त्यांचे म्हणणे. खेड्यांत ते पुष्कळ अंशी खरे ठरले. परंतु पायरी नसलेल्या, सगळे नजरानजरेवर सोपविलेल्या रस्त्यात अंधांनी काय करायचे, हा अंधांच्या संघटनांचा आक्षेप खोडून काढता येण्यासारखा नाही.

आणखी एक अडचण होती. राहत्या वस्तीत वेगाने गाडी हाकणारा बहुधा बाहेरचा नसतो. तो त्याच आळीचा असतो. आपल्या दारासमोर गतिरोधक हवा म्हणून अर्जावर सही करणारा आणि पलीकडच्या आळीतून मिस्साची घंटा झाली म्हणून गाडी दामटणारा, हे दोघे अनेकदा एकच गृहस्थ असतात. हे मी कोणाकडे बोट दाखवून लिहीत नाही. त्या गृहस्थांना मी रोज आरशात पाहतो. उंबरठ्याने हे बरोबर ओळखले आहे. तो अनोळखी माणसाला अडवतो तसाच शेजाऱ्यालाही.

नेदरलँड्सची लोकसंख्या १९७१ नंतर कितीतरी वाढली आणि मोटारी तर कित्येक पटींनी वाढल्या. रस्त्यावरील वार्षिक मृत्यू मात्र त्या वर्षीच्या एक चतुर्थांशाहूनही खाली आले. त्याचे सारे श्रेय गल्लीतल्या विटांना देता येणार नाही. सुरक्षापट्टे, शिरस्त्राणे, सायकलींचे वेगळे मार्ग, सुधारलेली रुग्णालये यांचाही त्यात वाटा आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी ॲमस्टरडॅमने शहरातील बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा लागू केली. 'दे टैट' दैनिकाला यातले काहीच पाहता आले नाही. त्या लेखानंतर दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, ते दैनिक म्हणून बंद पडले आणि साप्ताहिक झाले. वोनेर्फचा कायदा तेव्हा अजून दोन वर्षे दूर होता.