टपालहशील आणि कार्डांची देवाणघेवाण

उर्दू मासिकांत पुस्तकांच्या जाहिरातीखाली किमतीनंतर एक ओळ हमखास असायची : महसूल डाक खरीदाराच्या जिम्मे. मराठी पुस्तकविक्रेते त्याच जागी 'ट. ख. वेगळा' छापतात. जुन्या मराठीत यासाठी टपालहशील असा शब्द होता. महसूल आणि हशील हे दोन्ही शब्द अरबीतल्या एकाच धातूतून आलेले. हासिल होते ते, म्हणजे वसूल होते ते. टपालखर्चाला आपल्या दोन्ही भाषांनी कराचे नाव दिले, हे मला फार बोलके वाटते. टपालाचा दर म्हणजे फक्त वाहतुकीचे भाडे नव्हे. तो कुणीतरी ठरवतो, आणि त्यामागे राजकारण असते.

हे आठवण्याचे कारण माझ्या वर्गातला एक मुलगा. तो पोकेमॉनची कार्डे जमवतो. दोन सारखी आली की एक दुसऱ्याला द्यायचे आणि आपल्याकडे नसलेले घ्यायचे, हा या छंदाचा प्राण. आमच्या लहानपणी च्युइंगमसोबत मिळणाऱ्या क्रिकेटपटूंच्या कार्डांची हीच अदलाबदल मोहल्ल्यात चालायची. या मुलाचा मोहल्ला मात्र इंग्लंड-अमेरिकेपर्यंत पसरलेला. त्याने मला विचारले, "सर, कार्ड साठ रुपयांचं आणि पाठवायला त्याच्या कितीतरी पट, असं का?" त्याचे उत्तर दीडशे वर्षे मागे जाते.

1874 पूर्वी परदेशी पत्राचा दर ते कुठल्या देशांतून जाते यावर ठरायचा. प्रत्येक दोन देशांचा करार वेगळा, हिशोब वेगळा. जर्मन टपालखात्याचे प्रमुख हाइनरिश फॉन श्टेफान यांच्या पुढाकाराने स्वित्झर्लंडमधील बर्न येथे 22 देश जमले आणि 9 ऑक्टोबर 1874 रोजी करार झाला. त्यातूनच आजची जागतिक टपाल संघटना उभी राहिली. तत्त्व सोपे होते : पाठवणाऱ्या देशाने तिकिटाचे पैसे ठेवावेत आणि पोहोचवणाऱ्याने पत्र तसेच पोहोचवावे, कारण प्रत्येक पत्राला उत्तर येतेच. हिंदुस्थान 1876 मध्ये या करारात आला.

या स्वस्ताईवरच विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे चित्रकार्डांचे वेड पोसले गेले. आपल्याकडे मळवलीचा रविवर्मा छापखाना चित्रकार्डे काढत होता. म. वि. धुरंधरांनी मुंबईतल्या माणसांची चित्रे कार्डांसाठी काढली. ही कार्डे युरोपातल्या अनोळखी संग्राहकांच्या आल्बमपर्यंत पोहोचली. दर वाचवण्याच्या युक्त्या तेव्हाही होत्या. बऱ्याच देशांत कार्डावर सलाम-दुआचे जास्तीत जास्त पाच शब्द लिहिले, तर ते पत्र न धरता छापील मजकूर धरत आणि कमी दर लावत. संग्राहक मग पाचच शब्द लिहीत.

समोरच्याच्या खिशाची काळजी घेणारी सोयही निघाली. 1906 च्या रोम अधिवेशनात आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन मंजूर झाले. आपल्या देशात ते विकत घ्यायचे आणि पत्रात घालायचे. पलीकडच्याने ते आपल्या टपाल कचेरीत देऊन उत्तरासाठी तिकीट घ्यायचे. मागणाऱ्याचा भार देणाऱ्यावर पडत नसे. याच कूपनाचे नाव पुढे बदनामही झाले. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातली चलने घसरली. कूपन इटलीत स्वस्त घेऊन अमेरिकेत महाग वटवतो, असे सांगून चार्ल्स पाँझीने 1920 मध्ये बोस्टनच्या लोकांकडून पैसे गोळा केले. प्रत्यक्षात तो नव्या गुंतवणूकदारांच्या पैशांतून जुन्यांना देत होता. अशा फसवणुकीला आजही त्याचेच नाव आहे. कूपन बिचारे प्रामाणिकच होते. ब्रिटनने 2011 अखेर आणि अमेरिकेने 2013 मध्ये त्याची विक्री थांबवली.

मूळ करार मात्र आधीच बदलत होता. 'पत्राला उत्तर येतेच' हे गृहीतक सगळीकडे खरे नव्हते. श्रीमंत देशांतून मासिके आणि छापील माल ढिगाने निघायचा आणि नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांचे पोस्टमन तो फुकट वाटायचे. म्हणून 1969 च्या टोकियो अधिवेशनात ठरले, की जास्त टपाल पाठवणाऱ्या देशाने पोहोचवणाऱ्याला मोबदला द्यावा. नंतरच्या काळात तो गरीब देशांसाठी कमी ठेवला गेला. पुढे ऑनलाइन खरेदी आली, चीनमधून लहान पाकिटांचा पूर आला आणि त्या सवलतीवर अमेरिकेने आक्षेप घेतला. 2018 मध्ये तिने संघटना सोडण्याची नोटीस दिली. सप्टेंबर 2019 मध्ये जिनिव्हात तडजोड झाली आणि जुलै 2020 पासून अमेरिका येणाऱ्या पाकिटांचे दर स्वतः ठरवू लागली.

भांडण मोठ्या व्यापाराचे होते. झळ मात्र दोन ग्रॅमच्या कार्डालाही बसली. अमेरिकेतून परदेशी पत्राचे तिकीट 2013 मध्ये 1.10 डॉलर होते, ते जुलै 2025 मध्ये 1.70 डॉलर झाले. एवढे सोसले असते. पण जानेवारी 2018 पासून तिथून परदेशी जाणाऱ्या साध्या लिफाफ्यात फक्त कागदपत्रे चालतात. कार्ड हा माल ठरतो, त्यामुळे पाकिटाचा दर लागतो आणि तो दहा डॉलरच्या पुढे जातो. मग 29 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या मालाची जकातमाफीही काढली. भारतासह अनेक देशांच्या टपालखात्यांनी तिकडची पाकिटे काही आठवडे थांबवली. आपल्याकडून ती 15 ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली.

संग्राहक यातूनही वाट काढतात. एकेक कार्ड न पाठवता महिनोन् महिने साठवतात आणि एकाच पाकिटात रवाना करतात. चार मित्र मिळून एक पाकीट मागवतात आणि खर्च वाटून घेतात. किरकोळ कार्डे देशातच बदलतात, दुर्मिळ तेवढीच बाहेर धाडतात. कडक प्लास्टिकऐवजी पातळ पुठ्ठा वापरून वजन वाचवतात.

आणखी एक वाट कोकणातल्या घरांना चांगली ठाऊक आहे. आखातात नोकरीला गेलेल्यांची पत्रे, फोटो, कॅसेटी कितीतरी वर्षे गावी येणाऱ्याच्या हातीच आल्या. अशा लिफाफ्यावर उर्दूत 'बदस्त' लिहून आणणाऱ्याचे नाव घालत. सामानात जागा देणारा माणूस अख्ख्या मोहल्ल्याचा पोस्टमन व्हायचा. त्या मुलालाही मी हेच सांगितले, की कुणाचे मामू, कुणाची फुफी सुट्टीवर येत असतील तर आधी तिथे विचार.

पण ही वाट ज्याचे कुणी परदेशात आहे त्याचीच. तिकिटाची वाट सर्वांची होती. ज्याचा कुठेही कुणी नातलग नाही, त्या मुलालाही थोड्या पैशांत समुद्रापलीकडचा अनोळखी मित्र मिळत होता. बर्नच्या कराराची खरी कमाई ती होती. दर ठरवणाऱ्यांच्या हिशोबात मोठे व्यापारी आहेत, जकात आहे. साठ रुपयांचे कार्ड बदलणारे मूल कुठल्याच रकान्यात नाही. 'एवढ्या खर्चात पाठवून काय हशील?' असे ते विचारू लागले आणि पाठवायचे थांबले, तर तो तोटा कोणत्या टपालखात्याच्या वहीत दिसणार?